मुक्कामाच्या शोधात

विद्यार्थी मित्रांनो, शिकण्यासाठी काय काय लागते, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, की पुस्तके लागतात, वह्या लागतात, चांगले शिक्षक लागतात आणि मेहनत लागते. हे सगळे खरेच आहे. पण आणखी एक गोष्ट लागते. ती रोज आपल्याजवळ असते, म्हणून तिची आठवण होत नाही. ती गोष्ट म्हणजे डोक्यावरचे छप्पर. दिवा लावून बसता येईल, पुस्तके मांडून ठेवता येतील आणि थकल्यावर अंग टाकता येईल, एवढी जागा. ज्यांना शिक्षणासाठी परगावी किंवा परदेशी जावे लागते, त्यांना या जागेची किंमत पहिल्याच दिवशी कळते. गाडीतून किंवा बोटीतून उतरल्यावर हातात सामान असते आणि मनात एकच प्रश्न असतो, आज रात्री मुक्काम कोठे करायचा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तुम्ही ओळखता. भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. ते किती शिकले, कोणकोणत्या पदव्या त्यांनी मिळवल्या, हेही तुम्ही ऐकले असेल. आज आपण त्यांच्या आयुष्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहू. शिकत असताना ते राहिले कोठे? कोणत्या दारातून त्यांना आत घेतले गेले आणि कोणत्या दारातून बाहेर काढले गेले? हे समजले म्हणजे त्यांच्या पुढच्या कार्याचा अर्थ आपल्याला जास्त चांगला कळेल.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचे. त्या काळी समाजात अस्पृश्यतेची दुष्ट रूढी होती. काही जातींमध्ये जन्मलेल्या माणसांना इतर लोक शिवत नसत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नसत. भीमरावांचा जन्म अशाच एका जातीत झाला होता. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्यांना पाणी पिता येत नसे.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या गिरणगावात एका चाळीत राहू लागले. सगळ्या कुटुंबाला मिळून एकच खोली. त्याच खोलीत चूल, भांडीकुंडी, जळण आणि माणसे. आता या खोलीत अभ्यास करायचा कसा? रामजीबाबांनी एक युक्ती काढली होती. सगळ्यांना एकाच वेळी नीट झोपता येईल एवढी जागा नव्हती, म्हणून भीमरावांनी संध्याकाळी लवकर झोपावे आणि वडिलांनी जागत बसावे. रात्री दोन वाजता वडील मुलाला उठवीत आणि मग त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. भीमराव रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी बसून पहाटेपर्यंत वाचत. दिवसा जागा हवी असली, की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. त्या बागेतच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान शिक्षकांची नजर या मुलावर पडली. पुढे भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भीमरावांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. पण ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे, म्हणून त्यांना ती भाषा शिकवायला नकार मिळाला. तेव्हा त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातही त्यांनी फारसी सोडली नाही. १९१२ साली ते बी.ए. झाले, तेव्हा इंग्रजी आणि फारसी हे त्यांचे विषय होते. एक दार बंद झाले म्हणून ते रडत बसले नाहीत. पण संस्कृत शिकायची इच्छाही त्यांनी सोडली नाही. पुढे मोठेपणी त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने त्या भाषेचा अभ्यास केला.

बी.ए. झाल्यावर काही महिन्यांतच, १९१३ च्या फेब्रुवारी महिन्यात, रामजीबाबांचे निधन झाले. घरची स्थिती बेताची होती. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना अमेरिकेत शिकायला पाठवायचे ठरवले. दरमहा साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. अट एवढीच होती, की शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. भीमरावांनी करारावर सही केली आणि ते बोटीत बसले. १९१३ च्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना प्रवेश मिळाला होता. पण वर्गात जाण्याआधी राहण्याची सोय हवी. परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर जे प्रश्न असतात, तेच त्यांच्याही समोर होते. खोली विद्यापीठापासून किती लांब आहे? भाडे किती? जेवणाचे काय? सोबतीला कोण आहे? सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. पण तिथले जेवण त्यांना मानवेना. एका आठवड्यातच त्यांनी ती जागा सोडली आणि ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. तिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी राहत होते. आपल्या देशाची माणसे भेटली, तरी मनासारखी जागा अजून मिळाली नव्हती. शेवटी लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात त्यांचा जम बसला. तिथे त्यांना एक मित्र मिळाला. त्याचे नाव नवल भथेना. हा पारशी तरुण भीमरावांचा जन्मभराचा दोस्त झाला. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मित्रांनो, विचार करा. परळच्या चाळीत ज्या मुलाला झोपायलाही पाळी लावावी लागत होती, त्याला आता स्वस्थ बसून वाचायला जागा मिळाली होती. याहून मोठी गोष्ट म्हणजे येथे कोणी त्याची जात विचारत नव्हते. तो इतरांबरोबर एका टेबलावर जेवत होता, एका ग्रंथालयात शेजारी बसून वाचत होता, एका छपराखाली झोपत होता. माणसाला माणसासारखे वागवले, तर त्याची बुद्धी कशी फुलते, हे भीमरावांनी त्या काळात दाखवून दिले. नाटके आणि सहली यांत त्यांनी वेळ घालवला नाही. अठरा अठरा तास ते अभ्यास करीत. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून काही रक्कम ते घरी पत्नी रमाबाईंना पाठवीत. जेवणात काटकसर करून जे उरेल, त्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके विकत घेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांचा त्यांनी अभ्यास केला. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. तो पुढे फार प्रसिद्ध झाला.

१९१६ साली ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेत त्यांनी नाव दाखल केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परत यावे लागले. ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांनी आपले सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. ती बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि सामानाबरोबर अनेक पुस्तकेही समुद्रात गेली.

करारातील शब्द पाळायचा होता. म्हणून ते लवकरच बडोद्याला नोकरीवर हजर होण्यासाठी निघाले. यापुढचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण तो नीट लक्ष देऊन वाचू या.

बडोद्याच्या स्टेशनावर ते उतरले. अंगावर चांगले कपडे होते, जवळ परदेशी विद्यापीठाची पदवी होती आणि महाराजांच्या दरबारची नोकरी ठरलेली होती. तरीही स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, आता जायचे कोठे? आपल्याला घरात कोण घेणार? परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत, ही गोष्ट ते जवळजवळ विसरून गेले होते. मायदेशाच्या पहिल्याच मुक्कामाला तिची आठवण झाली. शहरात हिंदूंच्या खानावळी होत्या, पण जात कळली तर तिथे जागा मिळणार नव्हती. जात लपवून राहावे, तर एक ना एक दिवस ती उघड होणार आणि भलताच प्रसंग ओढवणार. अमेरिकेत बरोबर शिकलेले काही मित्र बडोद्यात होते. पण ते आपल्याला घरात घेतील का? त्यांना अवघड तर वाटणार नाही ना? या विचारात ते बराच वेळ स्टेशनाच्या छपराखाली उभे राहिले. बाकीचे सगळे उतारू निघून गेले. शेवटी त्यांनी एका गाडीवाल्याला विचारले. कॅम्पात पारशी लोकांचा एक मुसाफिरखाना आहे आणि तिथे पैसे घेऊन जागा देतात, असे त्याने सांगितले. भीमरावांना बरे वाटले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा येथे आपल्याला त्रास होणार नाही, असे त्यांना वाटले.

ती इमारत दुमजली होती. खाली एक वृद्ध पारशी रखवालदार आपल्या कुटुंबासह राहत होता. त्याने पाहुण्याला वर नेले. पण पारशी लोक अंगात जो सदरा घालतात आणि कमरेला जी कस्ती बांधतात, ती या पाहुण्याजवळ दिसली नाही. मुसाफिरखाना फक्त पारशी लोकांसाठी आहे, असे रखवालदाराने सांगितले. आता रात्र जवळ येत होती आणि जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती. रखवालदारालाही गिऱ्हाईक हवे होते, कारण मुसाफिरखाना रिकामाच होता. अखेर एक तोड निघाली. वहीत पारशी नाव लिहायचे. राहणे आणि जेवण मिळून रोजचा दीड रुपया द्यायचा. भीमरावांनी हे मान्य केले. नाइलाजाने का होईना, दुसऱ्याचे नाव घेऊन राहण्याची वेळ या विद्वान माणसावर आली.

वरच्या मजल्यावर एक लहानशी झोपायची खोली होती. तिच्या शेजारी नळ असलेली न्हाणी होती. बाकीचा मोठा दिवाणखाना मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या असल्या अडगळीने भरलेला होता. विजेचे दिवे नव्हते. रखवालदार रात्रीपुरता एक लहान कंदील आणून ठेवी. त्याचा उजेड जेमतेम हातभर पडे. भीमरावांची नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत झाली होती. सकाळी दहाला ते कचेरीत जात आणि होईल तितका वेळ बाहेर काढून रात्री आठच्या सुमाराला परत येत. बोलायला माणूस नव्हता. त्या मोठ्या, अंधाऱ्या इमारतीत ते कंदिलाजवळ पुस्तक घेऊन बसत आणि वाचनात मनाचे दुःख विसरण्याचा प्रयत्न करीत. संस्थानचा एखादा बंगला राहायला मिळावा, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी ते जेवण उरकून कचेरीला निघण्याच्या तयारीत होते. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करण्यासाठी ते ती गोळा करीत होते. इतक्यात जिन्यावर पावलांचा मोठा आवाज झाला. दहाबारा धिप्पाड माणसे हातांत काठ्या घेऊन वर आली. ती रागाने लाल झाली होती. पारशी नाव घेऊन येथे राहण्याची आणि हा मुसाफिरखाना विटाळण्याची तुझी हिंमत कशी झाली, अशा प्रश्नांचा त्यांनी भडिमार केला. भीमराव गप्प उभे राहिले. खोटे नाव लिहिले होते, हे तर खरेच होते. आठवडाभर तरी राहू द्या, तोवर बंगल्याची सोय होईल, अशी विनंती त्यांनी केली. पण त्या लोकांनी काही ऐकले नाही. संध्याकाळपर्यंत जागा खाली झाली पाहिजे, असे बजावून ते निघून गेले.

भीमरावांचे बडोद्यात दोन मित्र होते. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. ते आधी हिंदू मित्राकडे गेले. मित्राला फार वाईट वाटले, रागही आला. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. भीमराव काय समजायचे ते समजले. मग ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारून सांगतो, असे उत्तर त्याने दिले. हा गोड शब्दांतला नकार होता. दोन्ही मित्र मनाने वाईट नव्हते. पण मनात असूनही दार उघडण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास घालवायचे कोठे? ते बडोद्याच्या कमाठीबाग नावाच्या सार्वजनिक बागेत गेले आणि तिथे बसून राहिले. लहानपणी चर्नी रोडच्या बागेत हाच मुलगा पुस्तक घेऊन बसत होता, कारण घरात जागा नव्हती. आता परदेशात शिकून आलेला हा तरुण बागेत बसला होता, कारण सबंध शहरात त्याला जागा नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आईवडिलांची आठवण झाली. रात्री आठ वाजता ते उठले. गाडी करून मुसाफिरखान्यात गेले आणि सामान खाली आणले. म्हातारा रखवालदार बाहेर आला. आपल्यामुळे या माणसावर हा प्रसंग आला, असे त्याला वाटत होते. दोघेही एकमेकांशी एक शब्द बोलू शकले नाहीत. भीमरावांनी हिशेबाचे पैसे दिले. त्याने ते मुकाट्याने घेतले. भीमराव मुकाट्याने निघाले.

हा प्रसंग वाचताना एक चूक मात्र आपण करू नये. काठ्या घेऊन आलेली माणसे पारशी होती, म्हणून सगळा पारशी समाज वाईट, असे म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कला एकत्र राहिलेला नवल भथेना हाही पारशीच होता. आणि तो किती चांगला मित्र होता, हे आता पाहा.

मुंबईला परत आल्यावर भीमरावांनी शिकवण्या केल्या. मग १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार चांगला होता, पण त्यांनी चाळीतली राहणी बदलली नाही. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करायचा, म्हणून पै पै साठवली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी मदत केली. तरीही पैसे कमी पडले, तेव्हा नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्या काळी पाच हजार ही फार मोठी रक्कम होती. १९२० च्या जुलै महिन्यात भीमराव पुन्हा लंडनला निघाले.

लंडनमध्ये पुन्हा तोच खोलीचा प्रश्न. पैसे थोडे, म्हणून स्वस्तातली जागा. ते एका खानावळवजा घरात राहिले. घराची मालकीण कडक स्वभावाची होती आणि जेवण तर अगदीच मोजून देई. सकाळी पावाचा एखादा तुकडा, थोडा मुरंबा, माशाचा लहानसा तुकडा आणि कपभर चहा. एवढे पोटात घालून ते चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि दार बंद होईपर्यंत तिथे वाचीत. दुपारच्या जेवणाला बहुधा सुट्टीच असे. रात्री दहाच्या सुमाराला फार भूक लागे. एका ओळखीच्या भारतीय माणसाने पापडांचे पुडके दिले होते. त्यातले चार पापड मोजून घ्यायचे, ते पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. मग पुन्हा पुस्तक. खोलीत राहणारा सोबती मध्यरात्री जागा झाला, की हे वाचतच असत. जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही, असे ते त्याला सांगत.

पण या खोलीबद्दल एक गोष्ट विसरू नका. मालकीण कडक असेल, जेवण अपुरे असेल, तरी भाडे दिल्यावर खोली त्यांची होती. मध्येच काठ्या घेऊन कोणी जिना चढून आले नाही. त्यांना नाव बदलून राहावे लागले नाही. तेवढ्या आधारावर त्यांनी काय काय केले पाहा. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले. पुढे बॅरिस्टर झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली.

१९२१-२२ या काळात ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे त्यांचे स्मारक सुरू झाले. एक गरीब विद्यार्थी जिथे भाड्याने राहत होता, ती वास्तू पाहायला आता दूरदूरचे लोक जातात.

मायदेशी आल्यावर बाबासाहेबांनी जे काम हाती घेतले, ते तुम्हांला ठाऊक आहे. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या संस्थेने अगदी सुरुवातीला कोणते काम केले असेल? १९२५ साली सोलापूरला गरीब दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. खेड्यातला मुलगा हुशार असला, तरी शहरात राहायला जागा नसेल तर त्याचे शिक्षण थांबते, हे बाबासाहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनीही हीच गोष्ट ओळखून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली होती. त्यांत १९०६ सालचे मुस्लिम बोर्डिंगही होते. पुढे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते.

स्वतःसाठी त्यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह हे घर बांधले. हे घर बांधताना त्यांच्या मनात सगळ्यांत आधी विचार होता तो पुस्तकांचा. राहणाऱ्या माणसांइतकीच सोय त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाची केली. ज्याची पुस्तके एकदा समुद्रात बुडाली होती, त्याच्या पुस्तकांनाही आता कायमचा मुक्काम मिळाला.

बडोद्याचा प्रसंग बाबासाहेब विसरले नाहीत. सुमारे अठरा वर्षांनी त्यांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्यांत हा प्रसंग सविस्तर आला आहे. वेटिंग फॉर अ व्हिसा या नावाने ते लेखन पुढे छापले गेले. ज्या कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना जागा मिळाली होती, त्याच विद्यापीठात पुढे ते अभ्यासाला लावले गेले.

देश स्वतंत्र झाला आणि राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याआधीचे पंधरावे कलम मोठे झाल्यावर तुम्ही अवश्य वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जाण्यास मनाई करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पारशी नाव लिहून मुसाफिरखान्यात अकरा दिवस काढणारा माणूस ही घटना तयार करणाऱ्यांमध्ये होता, हे आठवले म्हणजे कायद्याच्या त्या कोरड्या शब्दांत जीव येतो.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. त्यांचा देह मुंबईला राजगृहात आणला गेला, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लाखो लोक लोटले.

मित्रांनो, कायद्याने हॉटेलचे दार उघडता येते. घराचे दार मात्र घरातल्या माणसालाच उघडावे लागते. बडोद्याच्या त्या दोन मित्रांकडे शिक्षण होते, घर होते, दयाही होती. पण नोकर काय म्हणतील, घरातले काय म्हणतील, या भीतीपुढे ती दया उपयोगी पडली नाही. नवल भथेना यांनी अशा कशाचा विचार केला नाही. म्हणूनच बाबासाहेबांच्या चरित्रात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

तुमच्यापैकी काहीजण उद्या पुण्याला, मुंबईला किंवा परदेशीही शिकायला जातील. खोली शोधताना दोनचार ठिकाणी नकार मिळेल, जेवण रुचणार नाही, घरची आठवण येईल. तेव्हा लिव्हिंगस्टन हॉलमधला अभ्यास आणि लंडनचे चार पापड आठवा आणि पुस्तक उघडा. आणि जे आपल्याच गावी राहतील, त्यांच्या दारीही एखाद्या दिवशी परगावचा विद्यार्थी हातात पेटी घेऊन येईल आणि एखादी खोली मिळेल का, असे विचारील. त्याचे नाव आणि जात विचारण्याआधी त्याला आत बोलवा, पाणी द्या आणि तो काय शिकतो, हे विचारा.